गिटारवर चार कॉर्ड्स आणि त्यांच्यामधला बदल

ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या घरी रविवारी सकाळी गिटार शिकायला जी मंडळी येतात, त्यांत दहावीतली मुलं आहेत, बँकेतून निवृत्त झालेले एक काका आहेत आणि नेरूळहून ट्रान्सहार्बर लोकलने गिटार पाठीवर अडकवून येणारी माझी भाचीही आहे. पहिल्या दिवशी सगळ्यांचा प्रश्न सारखाच असतो: किती कॉर्ड्स आल्या की गाणं वाजवता येईल? चार. (कॉर्ड म्हणजे एकदम वाजवलेले तीन किंवा अधिक स्वर.) खरं तर तीनवरही पुष्कळ गाणी निघतात. त्या चार कॉर्ड्सची बोटं आठवड्याभरात पाठ होतात आणि तरी गाणं वाजत नाही, कारण ते अडतं एका कॉर्डवरून दुसरीवर जाताना. बोटं तारा शोधत राहतात, ताल निघून जातो, गाणारा थांबतो. माझा शिकवण्याचा बहुतेक वेळ या मधल्या जागेवर जातो आणि इथेही मुख्यतः तेच लिहिते आहे.

त्याआधी हातातली गिटार नीट बघून घ्या. फ्रेट म्हणजे दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, आणि दोन पट्ट्यांमधल्या जागेलाही फ्रेटच म्हणतात. बाराव्या फ्रेटपाशी जाड तार फ्रेटपासून तीन मिलिमीटरपेक्षा उंच असेल, तर नवशिक्याची बोटं विनाकारण दुखतात. वाद्यांच्या दुकानात ब्रिजमधली (तारा गिटारच्या पोटावर जिथे अडकवतात तिथली) पांढरी पट्टी खालून घासून तारा खाली आणून देतात, ते त्यांचं नेहमीचं काम आहे. तारा बदलायच्या असतील तर दहाचा सेट मागा, म्हणजे पहिली तार ०.०१० इंचाची. ती दाबायला हलकी जाते. पिक, म्हणजे तारा छेडायची चकती, पातळ घ्या, ०.४६ ते ०.६० मिलिमीटरच्या दरम्यान. जाड पिक तारांत अडकतं आणि उजवा हात आखडतो.

जाड तारेकडून बारीक तारेकडे सूर असे: ई, ए, डी, जी, बी, ई. फोनवरचा कुठलाही ट्यूनर चालेल. तार मात्र नेहमी खालून वर चढवत सुरात आणा. सुराच्या वर गेली तर आधी बरीच उतरवा आणि पुन्हा चढवा. उतरवत उतरवत सुरावर थांबवलेली तार वाजवताना ढिली पडते. जून ते सप्टेंबर ठाण्याच्या हवेत ओल इतकी असते की कालची लावलेली गिटार आज बेसूर मिळाली तर त्यात गिटारची चूक नाही. रोज बसल्याबसल्या आधी सूर लावायचा, हा नियमच करून टाका.

बोटं कुठे ठेवायची

सगळ्यात बारीक तार पहिली, सगळ्यात जाड सहावी. मी कॉर्ड्स अशा पद्धतीने शिकवते की बदलताना कमीत कमी बोटं हलावीत. पुस्तकी आकार याहून थोडे वेगळे असतात, पण गाण्याला साथ करायला हे उत्तम चालतात आणि ऐकायलाही भरलेले वाटतात.

जी: मधलं बोट सहाव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटमध्ये, तर्जनी पाचव्या तारेवर दुसऱ्या फ्रेटमध्ये, अनामिका दुसऱ्या तारेवर आणि करंगळी पहिल्या तारेवर, दोन्ही तिसऱ्या फ्रेटमध्ये.

आता अनामिका आणि करंगळी तिथेच राहू द्या. मधलं बोट आणि तर्जनी दोन्ही एकेक तार खाली सरकवा, म्हणजे मधलं बोट पाचव्या तारेवर तिसऱ्यात आणि तर्जनी चौथ्या तारेवर दुसऱ्यात. ही झाली सी, पूर्ण नावाने सी ॲड नाइन. सहावी तार वाजवायची नाही.

पुन्हा जी धरा. यावेळी तर्जनीही हलवू नका, फक्त मधलं बोट सहाव्या तारेवरून उचलून चौथ्या तारेवर दुसऱ्या फ्रेटमध्ये ठेवा. ही ई मायनर, खरं तर ई मायनर सेव्हन. एका बोटाच्या हालचालीत कॉर्ड बदलली.

राहिली डी. अनामिका अजूनही दुसऱ्या तारेवर तिसऱ्याच फ्रेटमध्ये आहे, तिथेच असू द्या. करंगळी उचला. तर्जनी तिसऱ्या तारेवर आणि मधलं बोट पहिल्या तारेवर, दोन्ही दुसऱ्या फ्रेटमध्ये. चौथ्या तारेपासून खाली वाजवा, जाड दोन तारा सोडा.

चारही कॉर्ड्समध्ये अनामिका एकाच जागी खिळलेली राहते. ती उचलायची नाही, एवढं एकच पथ्य पाळलंत तरी निम्मं काम सोपं होतं. ती उचलली की सगळा पंजा हवेत जातो आणि चारही बोटांना पुन्हा जागा शोधावी लागते. बोट फ्रेटच्या मधोमध नको, धातूच्या पट्टीला खेटून मागे ठेवा. तिथे कमी जोर लागतो आणि तार खरखरत नाही. मग एकेक तार सुटी छेडून बघा. एखादी मुकी वाटली तर बहुतेक वेळा शेजारच्या बोटाची गादी तिला टेकलेली असते. बोटाचं पहिलं पेर आणखी वाकवा. बोटांची टोकं दुखतील. दोन-चार आठवड्यांत ती घट्ट होतात, पण रोज थोडं वाजवलं तरच. आठवडाभर नुसतं ठेवून रविवारी दोन तास बसलात तर दर रविवारी दुखेल.

बदलाचा सराव

एका वेळी दोनच कॉर्ड्स घ्या. सुरुवात जी आणि ई मायनर. उजवा हात मांडीवर. जी धरा, बोटं सेंटिमीटरभर उचला, पुन्हा तीच जी धरा. असं बऱ्याचदा. बोटं एकामागून एक टेकतात की सगळी एकदम, तिकडे लक्ष ठेवा. एकेक बोट ठेवत कॉर्ड रचण्याची सवय लागली तर ती पुढे मोडणं फार कठीण. हवेतच आकार तयार व्हायला हवा आणि तो अख्खा तारांवर उतरायला हवा. हे जमल्यावर जी-वरून ई मायनर, ई मायनर-वरून जी.

आता घड्याळ लावा. एका मिनिटात स्वच्छ बदल किती होतात ते मोजा. तीस झाले की ती जोडी गाण्यासाठी तयार झाली, असं मी मानते. त्यामागे साधा हिशेब आहे. मिनिटाला ८० ठोक्यांच्या मध्यम गतीच्या गाण्यात चार ठोक्यांनी कॉर्ड बदलते, म्हणजे मिनिटाला २० बदल. तीस जमत असतील तर हाताशी थोडा वेळ उरतो आणि तुम्हाला गाणं ऐकू येतं. नाहीतर सगळं लक्ष बोटांतच अडकतं.

यानंतर जी–सी, सी–डी, मग डी–जी. शेवटची जोडी सगळ्यांत हट्टी आहे, कारण तिथे मधल्या बोटाला पहिल्या तारेवरून थेट सहाव्या तारेवर उडी मारायची असते. बाकीच्या जोड्यांना मिळून जेवढा वेळ द्याल तेवढा हिला एकटीला द्या. निघताना मधलं बोट सगळ्यांत आधी हलवा, कारण त्याला सगळ्यांत लांब जायचंय.

आमच्या काकांची बोटं साठीनंतर चटकन वळत नव्हती. त्यांनी या चार जोड्यांशिवाय काहीही वाजवायचं नाही असं ठरवलं आणि ते पाळलं. सोसायटीच्या गणपतीत ते नातीच्या गाण्याला साथ करत होते तेव्हा त्यांची नजर डाव्या हाताकडे नव्हती, नातीकडे होती.

उजवा हात थांबत नाही

उजव्या हाताचं काम ताल सांभाळण्याचं. डावा हात उशिरा पोचला तरी उजव्याने त्याच्यासाठी थांबायचं नाही. अर्धवट धरलेल्या कॉर्डवर, अगदी मोकळ्या तारांवरही स्ट्रोक पडू द्या, पण ठोक्यावर पडू द्या. ऐकणाऱ्याला एखादा धूसर स्वर खटकत नाही. थांबलेला ताल लगेच खटकतो.

मेट्रोनोम, म्हणजे एकसारखे ठोके देणारं यंत्र किंवा ॲप, मिनिटाला ६० ठोक्यांवर लावा. पहिल्यांदा दर कॉर्डला फक्त 'एक'वर खाली स्ट्रोक, दोन-तीन-चार नुसते मोजायचे. ते तीन ठोके पुढच्या कॉर्डच्या तयारीसाठी. मग चारही ठोक्यांवर खाली. मग मोठ्याने मोजा: एक नि दोन नि तीन नि चार नि. आकड्याला हात खाली, 'नि'ला वर. केरवा ज्यांच्या कानात आहे त्यांना या आठ मात्रा चटकन कळतात. आता या आठांपैकी काही तारांना लावायच्या, काही हवेत सोडायच्या. हिंदी-मराठी गाण्यांत हमखास चालणारा ठेका असा:

एक – खाली
दोन नि – खाली, वर
तीन – हात खाली जातो, तारांना लागत नाही
तीनचा नि – वर
चार नि – खाली, वर

सगळी गंमत त्या तिसऱ्या ठोक्यात आहे. बहुतेकजण तिथे हात थांबवतात आणि मग ठेका लंगडतो. हात खाली गेलाच पाहिजे, फक्त तारांपासून दोन बोटं लांबून. डाव्या हाताने तारांवर अलगद बोटं टेकवून त्या मुक्या करा आणि नुसता हा ठेका पाच मिनिटं वाजवा. कॉर्ड अजिबात नको.

'चार नि'मधल्या शेवटच्या 'नि'ला डावा हात कॉर्ड सोडून पुढच्या कॉर्डकडे निघालेला असतो. त्या क्षणी तारा मोकळ्या वाजतात. वाजू द्या. कसलेले वादकही बदल तिथेच उरकतात. त्या अर्ध्या ठोक्यात मोकळ्या तारांचा आवाज ठेक्यात मिसळून जातो आणि पुढच्या 'एक'वर नवी कॉर्ड ठाम उभी राहते. बदलाला हीच जागा द्यायची. ही जागा सापडली की शिकणाऱ्याचा चेहराच बदलतो, आणि ते बघायला मला फार आवडतं.

पहिलं गाणं

सगळ्यांना येणारं आणि वर्षभर उपयोगी पडणारं गाणं म्हणजे वाढदिवसाचं 'हॅपी बर्थडे'. तीनच कॉर्ड्स लागतात आणि ताल तीन ठोक्यांचा, म्हणून ठेका साधा: खाली, खाली, खाली. 'हॅपी' हा शब्द तालाच्या आधी येतो, पहिला ठोका 'बर्थ'वर पडतो. तीन-तीन ठोक्यांच्या खणांत कॉर्ड्स अशा:

जी, डी, डी, जी, जी, सी, मग एका खणात दोन ठोके जी नि एक ठोका डी, शेवटी जी.

ज्याचा वाढदिवस त्याच्या नावावर सी येते. सातव्या खणात ठोक्यागणिक लगबग आहे. तिथे आधी फक्त डी वाजवून बघा, तेवढंही चालतं.

चक्रं

या चार कॉर्ड्स वेगवेगळ्या क्रमाने फिरवल्या की प्रचलित गाण्यांचा केवढा तरी भाग त्यांत बसतो:

जी – ई मायनर – सी – डी
जी – डी – ई मायनर – सी
ई मायनर – सी – जी – डी

दुसरं आणि तिसरं चक्र मुळात एकच आहे, फक्त सुरुवात वेगळ्या जागेवरून. तरी ई मायनर-पासून निघालं की गाण्याचा रंग गंभीर होतो. एक चक्र धरून दहा मिनिटं न थांबता फिरवत राहा आणि मनात येतील ती गाणी त्यावर गुणगुणून बघा. कुठलं बसतं, कुठलं नाही, हे कानाला आपोआप कळायला लागतं.

प्रत्येक कॉर्डला सारखाच वेळ मिळतो असं मात्र धरून चालू नका. १९६१ च्या 'स्टँड बाय मी' या इंग्रजी गाण्यात पहिलंच चक्र आहे, पण जी दोन खण, ई मायनर दोन खण, सी आणि डी एकेक खण आणि परत जी दोन खण, अशा वाटणीने. मूळ गाण्याबरोबर वाजवायचं असेल तर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून पट्टी वर नेणारा चिमटा, दुसऱ्या फ्रेटवर. नवीन गाणं हातात घेतलंत की आधी गिटार बाजूला ठेवा, टाळी देत ऐका आणि कितव्या टाळीला खालचा सूर बदलतो तेवढंच मोजा.

मायनर गाण्यांसाठी दुसरा गट शिका: ए मायनर, एफ, सी, जी. इथे खिळलेलं बोट तर्जनी, दुसऱ्या तारेवर पहिल्या फ्रेटमध्ये. ए मायनर-ला मधलं बोट चौथ्या आणि अनामिका तिसऱ्या तारेवर, दोन्ही दुसऱ्या फ्रेटमध्ये. सी-साठी फक्त अनामिका उचलून पाचव्या तारेवर तिसऱ्यात. एफ-चा आडवा पूर्ण पट्टा (तर्जनीने सहाही तारा एकदम दाबणं) इतक्यात नको. एफ मेजर सेव्हन घ्या: तर्जनी तिथेच, मधलं बोट तिसऱ्या तारेवर दुसऱ्यात, अनामिका चौथ्या तारेवर तिसऱ्यात, जाड दोन तारा सोडायच्या. या गटात जी-वर जाताना तर्जनी उचलावीच लागते, तिथे जास्त सराव करा.

कानाने कॉर्ड कशी शोधायची

इथे हिंदी-मराठी गाण्यांची यादी मुद्दाम देत नाही. एकाच गाण्याच्या कॉर्ड्स दोन ठिकाणी दोन तऱ्हेच्या लिहिलेल्या मिळतात आणि तुमच्या गळ्याची पट्टी त्यांत कुणी विचारात घेतलेली नसते. आपल्याकडे तर बहुतेक घरांत कुणीतरी पेटी वाजवणारं, भजनी मंडळात जाणारं असतंच. माझ्या आईची पेटी अजून आमच्या बाहेरच्या खोलीत आहे. सरगम थोडी जरी येत असेल तरी कॉर्ड शोधणं अवघड नाही.

जी-ला सा माना. मग जी कॉर्ड म्हणजे सा-ग-प. सी म्हणजे म-ध-सा. डी म्हणजे प-नी-रे. ई मायनर म्हणजे ध-सा-ग. आता गाण्याची ओळ गा आणि ती कुठल्या स्वरावर विसावते ते बघा. ग-वर थांबली तर जी किंवा ई मायनर. रे किंवा नी-वर थांबली तर डी. ध-वर असेल तर सी किंवा ई मायनर. सा-वर तीन पर्याय आहेत, जी, सी आणि ई मायनर. तिन्ही वाजवून बघा, कान निवड करतो. मधून पळत जाणाऱ्या स्वरांच्या मागे लागू नका, थांब्याचे स्वर धरा.

वाढदिवसाच्या गाण्यावर हे तपासून बघा. पहिली ओळ प प ध प सा नी, त्यातला सा वरचा. 'यू' नी-वर थांबतो, म्हणून डी. दुसऱ्या ओळीचा 'यू' सा-वर, म्हणून जी. नावावर नी-वरून ध-वर उतरतो, म्हणून सी. शेवटी ग सा रे सा: ग आणि सा-ला जी, रे-ला डी, सा-ला परत जी.

गाण्यात कोमल नी आला आणि चारांपैकी काहीच जुळेना, तर एफ लावून बघा. ए मायनर-च्या गाण्यांत, म्हणजे ए-ला सा मानल्यावर, कोमल ग-बरोबर शुद्ध नी आला की ई मेजर हवी. तिची बोटं ए मायनर-चीच, फक्त सगळी एकेक तार जाड तारेकडे सरकवलेली. जुन्या हिंदी गाण्यांत ही जागा वारंवार येते.

गळ्याची पट्टी आणि कॅपो

पेटीवाले पट्टी काळी-पांढरीत सांगतात, गिटारवाले इंग्रजी अक्षरांत. दोघांनी एकत्र बसायचं तर एवढं लक्षात ठेवा: सी म्हणजे पांढरी एक, जी म्हणजे पांढरी पाच. कॅपो एक फ्रेट वर गेला की पट्टी एक स्वर, म्हणजे शेजारची काळी किंवा पांढरी, वर जाते. जी-च्या आकारात कॅपो पहिल्यावर लावला की काळी चार, तिसऱ्यावर काळी पाच. सी-च्या आकारात, म्हणजे दुसऱ्या गटातल्या कॉर्ड्सवर सी-ला सा मानून, पहिल्यावर काळी एक, दुसऱ्यावर पांढरी दोन. बोटं तीच राहतात. कॅपो फ्रेटच्या पट्टीला अगदी खेटून लावा आणि लावल्यावर सूर पुन्हा एकदा तपासा.

घरात, गाडीत, पावसात

रोज वीस मिनिटं पुरतात: पाच मिनिटं जोड्या घड्याळ लावून, पाच मिनिटं मुक्या तारांवर ठेका, बाकी गाणं. गाण्यात एकाच जागी अडखळत असाल तर पहिल्यापासून पुन्हा वाजवू नका. अडखळण्याच्या आधीचा एक खण आणि नंतरचा एक खण, तेवढाच तुकडा फिरवत राहा. तो स्वच्छ झाला की मेट्रोनोम पाचने वाढवा.

फ्लॅटमध्ये भिंती पातळ असतात. रात्री वाजवायचं असेल तर ब्रिजजवळ तारांच्या खाली हातरुमालाची घडी सरकवा, आवाज एकदम बसतो आणि सरावात काही कमी पडत नाही. माझी भाची नेरूळ ते ठाणे लोकलमध्ये बसायला जागा मिळाली की छत्रीच्या दांड्यावर जी–सी–डीचे आकार धरत येते. आकार बोटांत मुरायला याने खरंच मदत होते.

वाजवून झालं की सुती फडक्याने प्रत्येक तार वरून आणि खालूनही पुसा. घाम आणि खाडीकडची दमट हवा मिळून तारा फार लवकर गंजतात, आणि गंजलेल्या तारेवर बोट सरकत नाही. पावसाळ्यात गिटार भिंतीला टेकून उघडी ठेवू नका. बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा आणि ओलसर भिंतीपासून लांब ठेवा.

तीन गाणी न थांबता जमली की कुणाला तरी गायला बसवा. सुरू करण्याआधी चक्र दोनदा वाजवा, म्हणजे गाणाऱ्याला सा आणि लय दोन्ही मिळतात. पट्टी ठरवताना मुखडा गाऊन घेऊ नका, अंतऱ्यातली सगळ्यांत उंच ओळ आधी गायला सांगा. तिथे ओढाताण झाली तर कॅपो एक-दोन फ्रेट खाली आणा. कॅपो नसतानाच उंच पडत असेल तर सी-च्या आकारात या आणि कॅपो चौथ्यावर लावा. पट्टी पांढरी तीन होईल, जी-पेक्षा तीन घरं खाली. तीच उंच ओळ पुन्हा गाऊन घ्या आणि मग मुखड्यापासून सुरू करा.